खारीएवढे माकड

माणसाने प्राण्यांना दिलेली नावे चाळू लागले, की प्राण्यांपेक्षा नाव देणाऱ्यांचीच ओळख अधिक होते. मराठीत मुलाचे 'नाव ठेवतात' आणि शेजाऱ्याला 'नावे ठेवतात'. एका अनुस्वाराचे नव्हे, एका मात्रेचे हे अंतर. पण दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात राहणाऱ्या एका चिमुकल्या माकडाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. माझा पेशा मराठी शिकवण्याचा. प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचकाचा, तोही हौशी. परंतु एकाच जनावराला इतक्या लोकांनी इतकी निरनिराळी नावे ठेवलेली पाहिल्यावर मी त्याच्या मागे लागलो, आणि पाहता पाहता नावे बाजूला राहून जनावरच मनात घर करून बसले.

इंग्रज त्याला 'स्क्विरल मंकी' म्हणतात, म्हणजे खारमाकड. जर्मनांना त्याच्या पांढऱ्या चेहऱ्यात आणि काळ्या तोंडात मेलेल्या माणसाची कवटी दिसली, म्हणून त्यांनी नाव दिले 'टोटेनकोप्फआफे', कवटीचे माकड. पेरू देशातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना डोक्यावरची ती गडद टोपी पाहून ख्रिस्ती मठातला साधू आठवला. ते म्हणतात 'फ्राइले'. ब्राझीलमधल्या पोर्तुगीज भाषिकांनी डोळ्यांऐवजी नाकावर भरवसा ठेवला आणि त्याला 'वासाचे माकड' ठरवले. सर्वांत सरळ नाव तेथल्या मूळच्या तुपी लोकांचे. त्यांच्या भाषेत 'साई' म्हणजे माकड आणि 'मिरी' म्हणजे लहान. लहान माकड! शास्त्रज्ञांनी पुढे हेच नाव उचलून या कुळाला 'सैमिरी' म्हटले. जे लोक त्या प्राण्याबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिले, त्यांना कवटी दिसली नाही की साधूही दिसला नाही. जे आहे तेवढेच त्यांनी सांगितले.

आणि ते खरोखरच लहान आहे. डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम एक फूट, त्यामागे त्याहून लांब शेपटी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन किलोच्या आत-बाहेर, मादी तर अर्ध्या-पाऊण किलोचीच. अंगावरची लव आखूड आणि दाट, खांदे करडे-हिरवट, पाठ आणि हातपाय केशरी-पिवळे; जणू कोणी हळदीच्या हातांनी त्याला उचलून ठेवले असावे. डोळ्यांवर पांढऱ्या कमानी असतात. या कमानींचे दोन घाट आहेत : एक टोकदार, एक गोलसर. पाश्चात्त्य अभ्यासकांनी त्यांना आपल्याकडच्या इमारतींची नावे दिली, टोकदार ती 'गॉथिक' आणि गोल ती 'रोमन'. माकडाच्या भुवयांवरून त्याचे घराणे ओळखण्याची ही युक्ती आजही वापरतात.

शेपटीचा उपयोग आणि अंगाचा वास

अमेरिकेतली माकडे म्हटली की शेपटीने फांदीला लोंबकळणारी माकडे डोळ्यांपुढे येतात. आमचे खारमाकड त्यांतले नव्हे. त्याच्या पिलाला जन्मानंतर काही आठवडे शेपटीने आईला विळखा घालता येतो. पुढे ती कला लोपते आणि शेपटी उरते ती तोल सांभाळण्यापुरती. निजताना मात्र ती पुन्हा कामाला येते. पाठ वाकवून, डोके खाली घालून, शेपटी पायांमधून खांद्यावर घेऊन हे प्राणी एकमेकांना खेटून बसतात. थंडीत मफलर गुंडाळून बाकावर बसलेल्या पेन्शनरांची आठवण व्हावी असे ते दृश्य असते.

ब्राझीलकरांनी ठेवलेल्या नावाचाही खुलासा केला पाहिजे. हे माकड स्वतःचे मूत्र तळहातांवर घेऊन तळपायांना आणि अंगाला चोळते, आणि ते दिवसातून कितीदा तरी. असे का, यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी म्हणतात, वासाने ओळख पटावी म्हणून. कोणी म्हणतात, फांदीवर पकड चांगली बसावी म्हणून. कोणी म्हणतात, उकाड्यात अंग थंड राहावे म्हणून. एखाद्या अभंगातल्या शब्दावर आम्ही मराठीचे प्राध्यापक जसे तीन अर्थ लावतो आणि तिन्ही सोडत नाही, तसाच हा प्रकार.

त्याचे डोके सांगण्यासारखे आहे. मेंदू पंचवीसेक ग्रॅमचाच, पण शरीराच्या मानाने पाहिले तर हे प्रमाण माणसाहूनही जास्त भरते. मेंदूचे वजन म्हणजे बुद्धी नव्हे, हे लहान प्राण्यांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवायचे असते. परंतु त्या मोठ्या डोक्याची किंमत आईला मोजावी लागते. पिलू जन्मते तेव्हाच शंभर ग्रॅमचे, म्हणजे आईच्या सहाव्या हिश्श्याएवढे असते. पंचावन्न किलोच्या बाईला नऊ किलोचे मूल व्हावे, तशी ही गोष्ट! बाळंतपण कठीण जाते, आणि पिंजऱ्यातल्या खारमाकडांत मृत पिले जन्मण्याचे प्रमाण म्हणूनच बरेच असते.

लठ्ठ नवरदेव

लग्नसराई आली की माणसांत वधूवरांना सडपातळ होण्याची घाई असते. खारमाकडांचा रिवाज उलटा आहे. हंगामाच्या दोन महिने आधीपासून नरांच्या खांद्यांवर, दंडांवर आणि पाठीवर चरबी आणि पाणी साठू लागते. वजन वीस टक्क्यांपर्यंत वाढते, गडी फुगून पैलवानासारखा दिसू लागतो. आणि माद्या त्यांतल्या सर्वांत फुगलेल्याला पसंत करतात. फ्लॉरिडातल्या एका बंदिस्त रानात मोकळ्या सोडलेल्या माकडांवर हे पाहून ड्यूमाँड आणि हचिन्सन या दोघांनी १९६७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. हंगाम संपला की चरबी उतरते आणि नवरदेव पुन्हा हडकुळे होतात.

गर्भाचे दिवस पाच-साडेपाच महिन्यांचे. यानंतरची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. कोस्टा रिका देशातल्या कोर्कोवादोच्या अरण्यात सू बोइन्स्की या संशोधक बाईंनी वर्षानुवर्षे या माकडांच्या टोळ्यांमागे पायपीट केली. त्यांना असे आढळले, की एका टोळीतल्या माद्या साधारण एकाच आठवड्यात बाळंत होतात. आकाशात ससाणे, झाडांत साप आणि रानमांजरे. नुकते जन्मलेले पिलू सर्वांनाच हवे असते. पण शिकारी किती खाईल? पोटभर खाईल आणि थांबेल. पिले वर्षभर एकेक करून जन्मली असती, तर एकेक करून सर्वच गेली असती. एकदम जन्मल्यामुळे काही जातात आणि बाकीची निभावतात. तारीख चुकवून मागाहून बाळंत होणारी मादी आपले पिलू बहुधा गमावते. निसर्गाचा हा हिशेब निष्ठुर आहे, पण त्या हिशेबाशिवाय एकही टोळी शिल्लक राहिली नसती.

पिलू आईच्या पाठीला चिकटून असते, आणि काही दिवसांनी टोळीतल्या इतर माद्याही त्याला पाठीवर घेऊ लागतात. शास्त्रज्ञ या मदतनिसांना 'आंट' म्हणतात. इंग्रजीचे एका शब्दात भागते. मराठी माणसाला मात्र लगेच प्रश्न पडतो : मावशी, आत्या की काकू? गंमत अशी, की या प्रश्नाला उत्तर आहे. पेरूमधल्या टोळ्यांत मुली माहेरीच राहतात आणि मुलगे घर सोडतात. तेव्हा पाठीवर घेणारी ती मावशी. तेथे माद्यांचेच राज्य असते आणि नरांना टोळीच्या कडेला राहावे लागते. कोस्टा रिकात मुलगे घरी राहतात आणि मुली परक्या टोळीत जातात. म्हणजे पिलाभोवती ज्या असतात त्या काकवा. तेथे नर-माद्यांत कोणी कोणावर फारशी सत्ता गाजवत नाही. एकाच कुळातल्या माकडांत असा फरक का? अभ्यासक बोट दाखवतात ते अन्नाकडे. पेरूमध्ये फळांनी लगडलेल्या मोठ्या झाडांवर भांडण करण्याजोगे काही असते, म्हणून बहिणी-बहिणी एकजुटीने राहतात. कोस्टा रिकात फळे विखुरलेली आणि थोडी. एका झाडावर भांडायला बसावे तोवर ते रिकामे होते. ज्या घरात वाटणीला काही नाही, तेथे भाऊबंदकीही नाही!

अरण्यातला संसार

यांचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत शोधाशोधीत जातो. फळे मिळाली तर फळे, पण खरी आवड किड्यांची. नाकतोडे आणि सुरवंट यांच्यासाठी ती पान न् पान उलटून पाहतात, गुंडाळलेले पान उलगडतात. कोस्टा रिकात काही वटवाघळे मोठ्या पानांच्या शिरा कुरतडून त्यांचा तंबू करतात आणि त्याखाली दिवसा झोपतात. खारमाकडांना हे तंबू ओळखता येतात. ती त्यांवर उडी घेऊन वटवाघूळ पकडतात. आणि उडालेली वटवाघळे टिपायला जवळच एक छोटी शिकारी घार बसलेली असते. ही घार टोळीमागून हिंडते, कारण माकडांच्या धांदलीत जे किडे उडतात ते तिचे भक्ष्य. माकडांना तिचा उपद्रव नाही, तिला माकडांचा फायदा आहे.

पेरूच्या मानू अरण्यात जॉन टर्बर्ग यांनी आणखी एक सोबत पाहिली. तेथली खारमाकडे कपुचिन नावाच्या थोराड माकडांमागे दिवसच्या दिवस असतात. कपुचिनांना फळझाडांचे पत्ते ठाऊक, टणक ताडफळे फोडण्याची ताकद त्यांच्या जबड्यात, आणि गरुड दिसताच ओरडण्यात ते तरबेज. खारमाकडांना पत्ता फुकट मिळतो, उष्टे मिळते आणि पहाराही मिळतो. कपुचिनांना काय मिळते, तर बहुधा काहीच नाही. आपल्यातही असे शेजारी असतात, आणि आपण त्यांना हाकलत नाही.

एवढ्या दाट पानोळ्यात एकमेकांपासून हरवू नये म्हणून ही माकडे सतत बोलत असतात : चिवचिव, किलबिल, कधी खरखर. म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात त्यांच्या आवाजांची वर्गवारीच केली. त्यांतला एक 'चक्' असा छोटा आवाज आहे. तो माद्या काढतात, आणि प्रामुख्याने ज्यांची मैत्री आहे अशाच माद्या एकमेकींना त्याचे उत्तर देतात. प्रत्येकीचा 'चक्' निराळा असतो, नाव सांगितल्यासारखा. दुसरा आवाज लांब आणि उंच. टोळीपासून तुटलेले माकड तो काढते. कोणी उत्तर देईपर्यंत ते तो काढतच राहते. हे दोन आवाज वाचकांनी लक्षात ठेवावेत.

खारीचा वाटा

सेतू बांधताना वानरसेनेने पर्वत आणले आणि खारीने अंगाला चिकटलेली वाळू आणली, ही कथा आपल्या घराघरांत आहे. 'खारीचा वाटा' तेथूनच भाषेत आला. माणसाने अंतराळाकडे सेतू बांधायला घेतला तेव्हाही एका खारमाकडाने असाच वाटा उचलला. फरक इतकाच, की रामायणातली खार आपखुशीने आली होती.

१३ डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेने 'गोर्डो' नावाचे खारमाकड अग्निबाणाच्या टोकात बसवून पाठवले. परतीच्या वाटेवरही ते जिवंत असल्याचे संकेत मिळत होते. पण ती कुपी समुद्रात बुडाली आणि सापडली नाही. पुढच्या वर्षी, २८ मे १९५९ला, दोघींना एकत्र पाठवले. एक होती 'एबल', आपल्या उत्तर भारतात दिसते त्या लाल तोंडाच्या माकडाच्या जातीची. माकडाविषयी भारतीयांची जी भावना आहे ती दुखावू नये, म्हणून मुद्दाम अमेरिकेतच जन्मलेली मादी निवडण्यात आली होती. दुसरी 'बेकर', पेरूच्या अरण्यातून आलेली आणि मायामीतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पंचवीसेक भावंडांबरोबर विकत घेतलेली. वजन तीनशे दहा ग्रॅम. तिला इवलेसे शिरस्त्राण आणि अंगरखा घालून मोठ्या थर्मासएवढ्या कुपीत ठेवले होते. अग्निबाण सुमारे पाचशे किलोमीटर उंच गेला. नऊ मिनिटे त्या दोघी वजनरहित होत्या, आणि परतताना त्यांच्या अंगावर वजनाच्या अडतीसपट भार आला. अटलांटिक समुद्रातून त्यांना जिवंत बाहेर काढले. चारच दिवसांनी एबल शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीत दगावली. बेकर मात्र जगली. युरी गागारिन वर गेला तो जवळजवळ दोन वर्षांनी, १२ एप्रिल १९६१ला.

बेकरला पुढे अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल येथील अंतराळ संग्रहालयात ठेवले. मुले तिला पाहायला येत, पत्रे लिहीत. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी ती वारली तेव्हा तिचे वय सत्तावीस होते, खारमाकडाच्या मानाने फारच दीर्घ. संग्रहालयाच्या दाराशी तिचे थडगे आहे, आणि लोक आजही त्यावर केळी ठेवून जातात.

विज्ञानाचे ऋण येथे संपत नाही. खारमाकडांतल्या नरांना जन्मतः लाल आणि हिरव्या रंगांतला भेद कळत नाही. काही माद्यांना मात्र कळतो. अमेरिकेतल्या नाइट्झ दांपत्याच्या प्रयोगशाळेत 'डाल्टन' आणि 'सॅम' या दोन नरांच्या डोळ्यांत माणसाचे एक जनुक सोडण्यात आले. वीसेक आठवड्यांनी दोघेही पडद्यावरचे रंगीत ठिपके बिनचूक ओळखू लागले, आणि बक्षीस म्हणून द्राक्षाचा रस पिऊ लागले. २००९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. जन्मात न पाहिलेला रंग प्रौढ मेंदूला पाहता येतो, हे त्याने दाखवले. डाल्टनचे नाव ठेवले होते ते स्वतःच्या रंगांधळेपणावर प्रथम लिहिणाऱ्या जॉन डाल्टनवरून.

गोंडसपणाचा शाप

पण या प्राण्याला खरी जड गेली ती प्रयोगशाळा नव्हे, तर दिवाणखाना. १९६०च्या दशकात अमेरिकेत खारमाकड पाळण्याची लाटच आली. पेरूतल्या इकितोसहून आणि कोलंबियातल्या लेतिसियाहून ती हजारोंनी विमानात चढली. लहान मुलांच्या मासिकांत जाहिराती असत आणि माकड टपालाने घरपोच येई. लोकांनी त्यांना प्रेमाने केळी खाऊ घातली. परंतु या माकडांना आपल्याप्रमाणेच 'क' जीवनसत्त्व अन्नातूनच मिळवावे लागते, आणि 'ड' जीवनसत्त्वाचा एक विशिष्ट प्रकारच त्यांच्या उपयोगी पडतो. तो न मिळाल्याने कित्येकांची हाडे मऊ होऊन वाकली. जी जगली ती एकटी जगली. पन्नास जणांच्या गोतावळ्यात वाढणारा हा जीव पिंजऱ्यात बसून तो लांब, उंच आवाज काढी. घरातल्यांना वाटे, माकड गाते आहे!

ब्राझीलने १९६७ साली वन्यजीवांच्या व्यापाराला बंदी घातली. पेरूनेही १९७०च्या दशकात आपली दारे लावली. अमेरिकेने १९७५ साली पाळण्यासाठी माकडे आणण्यास मनाई केली, कारण त्यांच्यापासून माणसांना रोग होऊ लागले होते. भारतानेही १९७८ साली लाल तोंडाच्या माकडांची निर्यात थांबवली. तेव्हा हा प्रश्न मिटला असे वाटावे. पण अलीकडे मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातून परदेशी चिमुकली माकडे जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. मोबाइलच्या पडद्यावर कोणाच्या तरी खांद्यावर बसलेले माकड पाहून आपल्या मुलांनाही ते हवेसे वाटते. २०२२ साली आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन अशा परदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. कायदा त्याचे काम करील. मुलांना 'नाही' म्हणण्याचे काम मात्र आईबापांचेच आहे, आणि ते का, हेही सांगितले पाहिजे. त्या माकडाला आपण केळी देऊ, स्वेटर देऊ, नावही ठेवू. त्याच्या 'चक्'ला उत्तर देणे आपल्याला जमणार नाही.

जवळून पाहण्याची हौस भागवायचे दुसरे मार्ग आहेत. हॉलंडमध्ये आपेलडोर्न येथे १९७१ साली 'आपेनहूल' नावाचे उद्यान उघडले. तेथे खारमाकडे झाडांत मोकळी आणि माणसेच पायवाटेपुरती बांधलेली. ही माकडे खिसेकापूपणात इतकी पटाईत, की प्रेक्षकांना माकडांना न उघडता येणाऱ्या पिशव्या दिल्या जातात.

कोस्टा रिकाची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. तेथल्या पॅसिफिक किनाऱ्यावरची खारमाकडे ही जगातली सर्वांत संकटात असलेल्यांपैकी. किनाऱ्यावरचे अरण्य तोडून केळी आणि तेलताडाचे मळे झाले, मग हॉटेले आली, त्यांच्यासाठी रस्ते आणि विजेच्या तारा आल्या. १९७२ साली मानुएल आंतोनियो येथे राष्ट्रीय उद्यान झाले, पण त्याच्या भोवती रस्ते होतेच. रस्त्याने अरण्याचे दोन तुकडे झाले, की माकडे पलीकडे जायला तारांवर चढत आणि विजेच्या धक्क्याने मरून पडत. १९९९ साली तेथल्या नऊ-नऊ वर्षांच्या दोन मुलींनी रस्त्याकडेला हातांनी केलेल्या वस्तू विकायला सुरुवात केली, आणि तो पैसा अरण्यासाठी बाजूला ठेवला. त्यातून एक संस्था उभी राहिली. तिने रस्त्यांवरून, या झाडापासून त्या झाडापर्यंत जाड दोर बांधले. माकडांनी थोडे दिवस दोराकडे संशयाने पाहिले आणि मग ती त्यावरून जाऊ लागली. आज तेथे असे कितीतरी झुलते पूल आहेत, आणि संध्याकाळी त्यांवरून हळदीच्या रंगाच्या माकडांची रांग पाठीवर पिले घेऊन रस्ता ओलांडताना दिसते.

एके काळी माकडांनी माणसासाठी सेतू बांधला, असे आपण मुलांना सांगत आलो. यंदा फराळाला बसल्यावर त्यांना हेही सांगावे, की त्यांच्याच वयाच्या दोन मुलींनी माकडांसाठी सेतू बांधायला घेतला, आणि त्याला पर्वत लागले नाहीत, दोर पुरला.